मोरपंखी व्हॅनचा उन्हाळा

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घरी आला की मला एका जागी बसवत नाही. सुतळी सोडते, लाल पेनाचं टोपण काढते, चार पेपर तपासते आणि उठते. पाणी पिते, अंगणात जाऊन कपडे वाळले का बघते, परत येऊन बसते. सातवीतल्या एका मुलाने यंदा 'माझा आवडता ऋतू' या निबंधात लिहिलंय, 'उन्हाळ्यात काहीच करावं लागत नाही, तरी स्वस्थ बसवत नाही.' शुद्धलेखनाच्या चुका ढीगभर आहेत. तरी मी त्याला जवळजवळ पैकीच्या पैकी गुण दिले.

काल शेजारच्या घराच्या ग्रिलला रंग लागत होता. वारा फिरला तसा थिनरचा वास खिडकीतून आत आला आणि माझा पेन कागदावर टेकलेला तसाच राहिला. कागदावर लाल ठिपका मोठा होत गेला. मला तो उन्हाळा आठवला. तसा तो मी विसरलेही नव्हते. वास आला की तो पुन्हा नाकातोंडात जातो, एवढंच.

पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यात आमचं घर आहे. बैठं, कौलं जाऊन पत्रे आलेलं, पुढे अंगण आणि अंगणात चिकूचं झाड. या घरात मी लग्न होऊन आले आणि पहिला पाऊस सरल्यावर सलीम, माझा नवरा, कतारला गेला. तिथे तो मजुरांची बस चालवायचा. पहाटे कॅम्पवरून माणसं उचलायची, कामावर सोडायची, रात्री परत आणायची. वर्षाआड सुटीवर यायचा. सुटी संपायच्या आधी आठवडाभर बॅग पलंगाखालून बाहेर निघायची आणि त्या बॅगेकडे बघत आम्ही जेवायचो. सासूसासऱ्यांची आजारपणं, त्यांचे शेवटचे दिवस, सनाचा जन्म, तिची शाळा, पत्र्याची गळती, बोअरचा पंप, सगळं मी पाहिलं. तक्रार म्हणून सांगत नाही. मोहल्ल्यात घरटी एक माणूस तिकडे होता. आमच्याकडे बायकांना एकटीने घर चालवणं कुणी शिकवत नाही, ते आपोआप येतं.

मग त्याच्या कंपनीचं तिथलं काम संपलं आणि एका हिवाळ्यात तो कायमचा घरी आला. आठवडाभर घरात ईद होती. माणसं येत होती, खजूर वाटले जात होते, सलीम प्रत्येकाला सांगत होता, "बस्स झालं आता. आता आपलं घर, आपली माणसं." मी आत कबाब तळत ते ऐकत होते आणि खरंच खूश होते.

त्यानंतर माणसं यायची थांबली. सलीम घरातच होता.

तो पहाटे चारला उठायचा. बसची सवय. फजरची नमाज पढून आला की करायला काही नसायचं. अंगणात येरझाऱ्या घालायचा. फाटकाची कडी घट्ट आहे का बघायचा. गॅसचं बटण बघायचा. मी शाळेतून यायची तेव्हा मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावलेले असायचे आणि मला हळद सापडायची नाही. मी पर्स उचलली की विचारायचा, "कुठे निघालीस?" त्यात संशय नव्हता, नुसतं विचारणं होतं. पण इतकी वर्षं मी कुणाला काही न सांगता उंबरा ओलांडत होते. उत्तर द्यायची सवयच राहिली नव्हती. "येते," एवढंच म्हणायची, आणि रस्त्याला लागल्यावर उगाच भरभर चालायची.

सना तेव्हा बारावीत होती. बापाशी तिचं बोलणं व्हिडिओ कॉलवरचं. "अब्बा, कसे आहात? जेवलात का? अम्मीला देऊ?" या तीन वाक्यांवर ती मोठी झाली. आता अब्बा समोर सोफ्यावर बसलेले. अम्मीला फोन द्यायची सोयच राहिली नाही. ती अभ्यासाचं निमित्त करून दार लावून घ्यायची.

स्वयंपाकघराच्या दारात मी आणि सलीम रोज समोरासमोर यायचो. तो डावीकडे सरकला की मीही तिकडेच सरकायची. मग दोघंही थांबायचो. "जा तू." "तुम्ही जा." एवढ्याशा घरात आम्हाला एकमेकांच्या बाजूने जाता येत नव्हतं.

मार्चमधल्या एका सकाळी तो "उरणला जाऊन येतो" म्हणून निघाला आणि दुपारी एक व्हॅन घेऊन आला. पांढऱ्याची बदामी झालेली, दारांच्या खालच्या कडा गंजाने खाल्लेल्या, एक आरसा दोरीने बांधलेला. सोबत विकणारे नाखवा होते, उरणचे म्हातारे गृहस्थ. या गाडीतून त्यांनी कित्येक वर्षं पनवेलच्या बाजारात मासळी आणली होती. गाडी नव्या घरी पोचेपर्यंत त्यांना चैन नव्हतं, म्हणून सोबत आले. चहा पिताना ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, गारी चांगली हाय. इंजिन एकदम रेडी हाय. वास तेवरा जानार नाय, तो मी आधीच सांगतो."

वास खरंच गेला नाही. सलीमने साबणाने धुतली, लिंबं घासली, खाण्याचा सोडा टाकून रात्रभर ठेवला. शेवटी कतारहून आणलेला ऊद आत जाळला. त्यानंतर गाडीला ऊद आणि सुक्या बोंबलांचा मिळून एक असा वास आला की सनाने खिडकी आपटून बंद केली.

"काय करणार या गाडीचं?" मी विचारलं.

"बघू."

"म्हणजे?"

"अगं, बघू ना. शाळेची मुलं नेता येतील. भाजी आणता येईल. आता विमानतळ होतोय, पॅसेंजर मिळतील."

"या वासात?"

तो उठून गाडीच्या टायरला लाथ मारून बघायला लागला. टायर कालच भरलेला होता.

गॅरेजवाला म्हणाला, रंगाला महिनाभर थांबावं लागेल, आधीच्या गाड्या आहेत. महिनाभर थांबणं सलीमला शक्य नव्हतं, तासभरसुद्धा नव्हतं. त्याने मोबाइलवर कुठल्याशा परदेशी माणसाला आपली गाडी घरच्या अंगणात रोलरने रंगवताना पाहिलं होतं. तोच व्हिडिओ तो पुन्हा पुन्हा बघायचा, बोटाने मागे नेऊन. मग बाजारातून फोमचे छोटे रोलर, ट्रे, पॉलिश पेपर, कागदी टेप असं सगळं पिशवी भरून घेऊन आला. हार्डवेअरच्या दुकानदाराने विचारलं, "हॉल रंगवताय का बेडरूम?" हे त्याने घरी येऊन हसत सांगितलं. कायमचा परत आल्यापासून तो पहिल्यांदाच असा हसला होता.

आमच्या सुट्या लागायच्या होत्या. दुपारी शाळेतून यायची ती गठ्ठा घेऊन, आणि अंगणात कर्र कर्र चाललेलं असायचं. सलीम लुंगी गुडघ्यावर खोचून, नाकाला फडकं बांधून गाडी घासत असायचा. जुना रंग, गंज, त्याखालचा आणखी जुना रंग. बदामी-तांबडी धूळ चिकूच्या पानांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, माझ्या उत्तरपत्रिकांवर. बाहेरच्या रस्त्यावरून खडीचे डंपर जायचे, त्यांची धूळ वेगळी. कधी संध्याकाळी वारा तळोज्याकडून यायचा आणि कारखान्यांचा आंबूस उग्र वास घेऊन यायचा. मोहल्ल्यातल्या खिडक्या धडाधड लागायच्या. सलीम मात्र घासतच असायचा. मला वाटायचं, हा असाच घासत राहिला तर गाडीच उरणार नाही.

खड्डे पडले होते तिथे त्याने लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, ती वाळल्यावर पुन्हा घासली. मग प्रायमर. राखाडी प्रायमरमध्ये उभी असलेली ती व्हॅन पाहून शेजारच्या खाला म्हणाल्या, "नसीम, तुझा नवरा हत्ती पाळतोय का?"

रंग कुठला यावरून भांडण झालं. सलीमला पांढरा हवा होता. "तिकडे सगळ्या गाड्या पांढऱ्या. ऊन लागत नाही."

"हे पनवेल आहे. दोन दिवसांत मातीचा होईल."

"मग धुवायचा."

"कोण धुणार?"

"मी धुईन. मला दुसरं काय काम आहे?"

सनाने आतून ओरडून सांगितलं, "मॅट ब्लॅक करा!" तिकडे आम्ही दोघांनीही लक्ष दिलं नाही. मी म्हणाले, "मला पांढरा नको." का नको, ते तेव्हा मला धड सांगता आलं नसतं. पण त्याच्या प्रत्येक फोटोत मागे पांढरी गाडी असायची. पांढरी गाडी, पांढरं आकाश, पांढऱ्या कपड्यांतली माणसं आणि मधे माझा नवरा, दर फोटोत थोडा आणखी उन्हाने काळवंडलेला. मला ती गाडी माझ्या अंगणात नको होती. "मोरपंखी करा," मी म्हणाले. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी मोरपंखी रंगाचा डबा आला.

पहिला हात त्याने भर दुपारी दिला. थांबवेल कोण? मी तिसऱ्या गठ्ठ्यात होते. रंग पत्र्यावर पडल्या पडल्या सुकत होता, रोलर ओढला की त्याला तारा सुटत होत्या. चिकूची पानं चिकटली, चिलटं चिकटली. वाळल्यावर दारावर रोलरचे पट्टे आणि बारीक फोड, जशी संत्र्याची साल. सलीम पाच वाजता गाडीपासून चार पावलं मागे येऊन उभा राहिला. मग त्याने पॉलिश पेपर उचलला आणि नुकता लावलेला सगळा रंग घासायला लागला.

मी खिडकीतून म्हणाले, "असू द्या ना. कोण एवढं बघतंय?"

"मी बघतोय," तो म्हणाला. मान वर न करता.

पुढचे कित्येक दिवस हेच. रंग द्यायचा, बिघडायचा, घासायचा. मला ते पाहवेना. राग त्याचा येत होता की माझा स्वतःचा, कळायचं नाही. एक मन म्हणायचं, याला मदत कर. दुसरं म्हणायचं, तू इतकी वर्षं कुणाच्या मदतीशिवाय पंप दुरुस्त करून घेतलास, पत्रे बदलून घेतलेस, याला एक गाडी रंगवता येऊ नये? आणि दोन्ही मनं एकदमच थकायची. पेपर तपासता तपासता मी एका मुलीला बरोबर उत्तरावर फुली मारली, तेव्हा मात्र उठले.

"दुपारी नका देऊ रंग," मी त्याला सांगितलं. "पहाटे द्या. ऊन चढायच्या आत. आणि दुधासारखा पातळ करा. तुमच्या त्या व्हिडिओतसुद्धा तो माणूस पातळच करतोय. तुम्ही नुसते त्याचे हात बघता."

"तू कधी बघितलास व्हिडिओ?"

"तुम्ही दिवसातून दहा वेळा लावता. ऐकून पाठ झालाय."

दुसऱ्या दिवशी फजरनंतर आम्ही टप रंगवायला घेतला. गाडीचा टप म्हणजे छताची मोठी सपाट जागा; एका दमात पूर्ण केली नाही तर कडा सुकते आणि जोड दिसतो. म्हणून एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी, दोघंही स्टुलावर उभे, प्रत्येकाच्या हातात रोलर. आपापल्या कडेपासून मधोमध यायचं. अजून उजाडायचं होतं, हवेत थोडासा गारवा होता. रोलर फिरताना चिकट, बारीक आवाज करत होते. आमच्या दोघांच्या मधे टप, जेवायच्या टेबलासारखा. इतका वेळ समोरासमोर आम्ही कधी उभे राहिलो होतो, मला आठवेना.

"एक फोन आला होता," सलीम म्हणाला.

"कुणाचा?"

"मुश्ताकचा." मुश्ताकभाई म्हणजे तिकडे माणसं पाठवणारे एजंट, सलीमला पहिल्यांदा त्यांनीच पाठवलं होतं. "व्हिसा आहे म्हणतोय. ड्रायव्हरचाच. या वेळी लहान गाडी, घरगुती. पुढच्या आठवड्यात सांग म्हणाला."

मी रोलर फिरवत राहिले. थांबता येत नव्हतं.

"मग? जायचंय तुम्हाला?"

"ते नको विचारू. तुला काय वाटतं ते सांग."

"मला काय वाटायचंय?"

"तेच." त्याने रोलर ट्रेमध्ये बुडवला, निथळला, पुन्हा टेकवला. "एवढ्या वेळा गेलो. एकदाही 'राहा' म्हणाली नाहीस."

"म्हटलं असतं तर राहिला असतात?"

"नाही. कसा राहणार?" त्याने कडेचा एक ओघळ रोलरने उचलला. "पण विमानात बसल्यावर आठवायला काहीतरी असतं."

माझा रोलर वाकडा गेला. मी सलीमला आयुष्यभर 'तुम्ही'च म्हणत आले, भांडताना आणि आजारपणातसुद्धा. त्या पहाटे तोंडातून जे निघालं ते वेगळंच निघालं.

"आणि मी? तू विमानात बसला असतास आणि मी त्या शब्दासकट या घरात राहिले असते. रोज. मी 'राहा' म्हटलं आणि तू गेलास, हे घेऊन मी पोर वाढवली असती का? म्हणून नाही म्हटलं. तुला वाटलं, हिला माझी गरज नाही?"

त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. डोळे ओले होते, पण थिनरनेही होतात तसे. आम्ही दोघंही थांबलो होतो. मधल्या पट्ट्याच्या दोन्ही कडा आमच्या डोळ्यांदेखत सुकल्या. नंतर त्यावरून किती हात दिले, पण जोडाची रेघ राहिली ती राहिलीच.

त्या दिवसानंतर आम्ही व्हिसाबद्दल बोललो नाही. रंगाबद्दल बोललो. रोज पहाटे एक हात, वाळला की पाणी लावून हलका घासायचा, पुन्हा एक हात. उजव्या बाजूला रंग छान बसला. डावीकडे थोडा दाटच राहिला. बॉनेटवर माझ्या बांगडीचा एक ओरखडा आला, तो सलीमने तसाच ठेवला. ऊन वाढत होतं, चिकू पिकून आपोआप गळत होते आणि मला रात्री झोप येत नव्हती. खरं सांगायचं तर मी घर पुन्हा शांत झाल्याचं चित्र बघायची. मसाल्याचे डबे माझ्या जागी. पर्स उचलून, कुणाला उत्तर न देता बाहेर पडणं. ते चित्र मला आवडायचं. आणि लगेच शेजारच्या श्वासाकडे कान जायचा. तोही जागाच असायचा.

सनाच्या प्रवेश परीक्षेच्या दिवशी ठरवलेली रिक्षा आली नाही. फोन लागेना. केंद्र तळोज्याकडच्या एका कॉलेजात होतं. सना फाटकात उभी राहून रडायच्या बेतात आली होती. सलीम आत गेला आणि व्हॅनची किल्ली घेऊन आला.

"हिच्यातून?" सना म्हणाली. "अम्मी, हिला वास येतो. आणि रंग ओला आहे."

"रंग वाळलाय. बस."

तितकासा वाळला नव्हता. त्याने दार उघडलं तर आतलं रबर रंगाला चिकटलेलं. चर्र आवाज करत मोरपंखी रंगाची एक लांब साल निघाली. एवढे दिवस त्या दारापायी घाम गाळलेला माणूस. त्याने तिकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "पुढे बस बेटा, हवा लागेल." पण सना माझ्या बाजूला मागेच बसली, फळी टाकून केलेल्या बाकावर, ओढणी नाकाला लावून.

मी एका ड्रायव्हरची बायको, आणि मी त्याला गाडी चालवताना कधी पाहिलंच नव्हतं. सुटीवर आला की आम्ही रिक्षाने फिरायचो. त्या दिवशी मी पाहिलं. घरात एका जागी न टिकणारा तो माणूस स्टिअरिंगमागे बसला आणि स्थिर झाला. खांदे खाली आले. डंपरांच्या रांगेतून, खोदलेल्या रस्त्यावरून, गतिरोधकावरून त्याने गाडी अशी नेली की सनाच्या मांडीवरची सूत्रांची वही हललीसुद्धा नाही. अर्ध्या वाटेत तिने नाकावरची ओढणी काढली. कॉलेजच्या दारात उतरताना ती म्हणाली, "वेळेत आलो, अब्बा." तो म्हणाला, "हं."

ती आत गेली आणि आम्ही रस्त्याच्या कडेला एका शिरीषाच्या सावलीत थांबलो. मी पुढे येऊन बसले. तीन तासांचा पेपर. करायला काही नाही. मी पेपर तपासायला आणले नव्हते, त्याला घासायला काही नव्हतं. त्याने समोरची काच पुसली. पुन्हा पुसली. बाहेर दुसरे आईबाप रुमालाने वारा घेत उभे होते.

तेव्हा फोन वाजला. मुश्ताकभाई.

सलीमने फोन हातात धरला, वाजू दिला. मग माझ्यापुढे केला. "तूच सांग."

"काय सांगू?"

"तुला वाटेल ते. मी ऐकेन."

फोन अजून वाजत होता. त्या क्षणी मला दोन्ही दिसलं. जूनमधलं शांत घर, आणि व्हिडिओ कॉलमधली ती तीन वाक्यं. मी बटण दाबलं.

"सलाम, मुश्ताकभाई. मी नसीम. ते नाही येणार."

"भाभी, असा व्हिसा परत मिळणार नाही. जरा सलीमला द्या."

"ते इथेच आहेत, ऐकतायत. ते राहणार आहेत. मी सांगितलंय त्यांना राहायला."

फोन ठेवला. मोठं काही केल्यासारखं वाटलं नाही. भीतीच वाटली. आता हा माणूस रोज घरी. आणि तो असा का राहिला, याचं उत्तर रोज मला द्यायचं.

सलीमने फडकं घडी घालून पुढे ठेवलं. "उद्यापासून मी पहाटे उठून काय करू?" त्याने विचारलं. मुलं शाळेत पहिल्या दिवशी विचारतात त्या आवाजात.

"मला माहीत नाही."

"काहीतरी होईल ना?"

"मला कसं माहीत असणार?" मी म्हणाले, आणि आम्हाला दोघांनाही हसू आलं. बाहेरच्या आईबापांनी वळून पाहिलं.

पुढचं सांगायचं तर काहीतरी झालं. सुकापूरहून तळोज्याच्या कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या बायकांना पहाटे नेणारं कुणीतरी हवं होतं. सलीमने परवाने काढले, रंग बदलल्याची नोंद करून घेतली, आत धड बाक बसवले. त्या बायकांना वासाचं काही वाटत नाही. त्यातल्या एकीचं माहेर उरणचं, ती म्हणते घरची आठवण येते. सलीमची घालमेल संपली असं मी म्हणणार नाही. रविवारी तो अजून फाटकाशी उभा असतो, कुणाची वाट बघतोय ते त्यालाही माहीत नसतं. मीही कधी कधी बाजारातून सरळ घरी येत नाही, तळ्याला एक फेरी मारून येते. त्याला ते कळतं. तो विचारत नाही. आता डोक्यावरून विमानं जातात, इतकी खालून की त्यांची पोटं दिसतात. विमान गेलं की आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नाही, आपापल्या कामाकडे बघतो.

त्या दुपारचं मात्र थोडं सांगायचं राहिलं.

पेपर सुटला. मुलांचा लोंढा बाहेर आला आणि त्यात सना. ती मला शोधत आली, नेहमीसारखी. मी हात वर केला. पण तिने मला पाहिलं आणि तिची नजर माझ्यावरून पुढे गेली. ती सलीमच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"अब्बा," ती म्हणाली, "केमिस्ट्री गेली."

आणि रडायला लागली. मला वाटलं, आता हा म्हणणार, सगळं ठीक होईल. फोनवर तो नेहमी तेच म्हणायचा. त्याने तसं काही म्हटलं नाही. दार उघडून तो उतरला, तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "मीसुद्धा लायसन्सच्या टेस्टमध्ये तिकडे तीन वेळा नापास झालो होतो. तुझ्या अम्मीला सांगितलं नव्हतं. चल, आधी काहीतरी खाऊ."

सना रडता रडता थांबली. "तीन वेळा?"

"रिव्हर्स घेताना. दर वेळी तोच खांब."

मी उठले आणि मागे जाऊन बसले. सना पुढे बसली, त्याच्या शेजारी. गाडी सुरू झाली. तो तिला तो खांब कसा होता ते सांगत होता, तीही नाक ओढत मधेमधे विचारत होती, तिथला साहेब अरबीत काय ओरडायचा म्हणून. मी फळीच्या बाकाला धरून त्या दोघांच्या पाठी बघत होते. ऐकताना दोघांचीही मान किंचित डावीकडे कललेली. अगदी एकसारखी. ही मुलगी मी जन्मापासून पाहत होते, या माणसाला त्याच्याही आधीपासून. पण ती दोघं माझ्यासमोर अशी शेजारी शेजारी कधी बसलीच नव्हती, म्हणून मला ते माहीत नव्हतं.